पन्हळीच्या वाटेने केळशीला

दापोलीहून केळशीला जायचं आणि हाताशी वेळ असेल, तर आसूदवरून जावं. सड्यावरच्या जांभ्या कातळावरून रस्ता एकदम खाली उतरतो आणि हवा बदलते. वर उन्हाने तापलेला तांबडा दगड, खाली नारळी-पोफळीची गच्च सावली. आसूदच्या केशवराजाकडे जाताना ओढा ओलांडून पायऱ्या चढाव्या लागतात, आणि देवळापाशी पोचलं की गोमुखातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज येतो. वरच्या झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीने खाली आणलंय. माणूस नाही, बैल नाही, वीज नाही. डोंगराच्या उताराने पाणी आपण होऊन देवापाशी येतं.

कोकणच्या बागायतीचे पाण्याच्या बाबतीत नशीबवान आणि कमनशिबी असे दोन भाग पडतात, ते इथेच समजून घ्यावे. डोंगराच्या कुशीतल्या आसूदसारख्या गावांना पाणी वरून मिळतं. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यात दापोली परिसरात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला काही त्या दगडात मुरतो, खालच्या चिकण थरावर अडतो आणि उतारावर झरा होऊन बाहेर येतो. अशा गावात ओढ्याला बांध घालून पाट काढला की काम झालं. पण समुद्राकाठच्या पुळणीवर वसलेल्या मुरुड, आंजर्ले, केळशी या गावांतल्या वाड्यांचं तसं नाही. तिथे पाणी पायाखाली आहे. ते उचलावं लागतं, आणि उचललेलं पाणी झाडापर्यंत न्यावं लागतं. या दोन कामांसाठी या किनाऱ्याने लाकडाची एक अख्खी व्यवस्था उभी केली होती. विहिरीवर लाकडी रहाट आणि रहाटापासून वाडीभर पसरलेल्या पोफळीच्या पन्हळी. मला केळशीला जायचं होतं ते या व्यवस्थेच्या खुणा शोधायला.

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीवरून खाली पाहिलं की किनारपट्टीची सगळी मांडणी एका नजरेत येते. समुद्र, पांढरी पुळण, तिच्या मागे सुरूचं बन, मग हिरवीगार वाड्यांची चिंचोळी पट्टी आणि लगेच डोंगर. बागायत आहे ती फक्त त्या पट्टीत. तिथून आडे, पाडले मागे टाकत रस्ता कधी समुद्राला खेटून, कधी डोंगरावर चढून उत्तरेकडे जातो. उटंबरचा डोंगर उतरला की केळशी. गावाच्या उत्तरेला भारजा नदी खाडी होऊन समुद्राला मिळते. खाडीच्या तोंडाशी वाळूची एक प्रचंड टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला आणि ही वाळू जुन्या काळातल्या त्सुनामीने आणून टाकली असं मत मांडलं. ते पटो वा न पटो, केळशी वाळूवर उभी आहे आणि वाळूच तिचं पाणी राखते, हे मात्र गावात पाऊल टाकताच कळतं.

महालक्ष्मीच्या घुमटाच्या देवळापासून गावात शिरलं की जांभ्या चिऱ्यांचे गडगे, त्यांच्या मधून जाणाऱ्या अरुंद वाटा आणि पाखाड्या. गडग्यापलीकडे वाड्या. माड वर, पोफळी मध्ये, खाली केळी, जायफळ, मिरीचे वेल. प्रत्येक वाडीत एक तरी विहीर, आणि ती फार खोल नाही. जुनी विहीर ओळखायची कशी, हे मला एका वयस्कर बागायतदाराने दाखवलं. विहिरीच्या कडेला दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे जाड आधार दिसले, शेजारी गोल, किंचित उंच जोतं असलं आणि त्याच्या कडेला दगडी डोण असली, की समजायचं इथे रहाट होता. गोल जोत्यावर बैल फिरायचा. "आता त्यावर आम्ही सोलं वाळवतो," ते म्हणाले. जोत्याचा पृष्ठभाग पिढ्यान्‌पिढ्यांच्या खुरांनी गुळगुळीत झाला होता.

रहाटाची रचना शब्दांत सांगायची तर अशी. बैल एका आडव्या चक्राला जुंपलेला असतो आणि गोल फिरतो. आडव्या चक्राला लाकडी दाते असतात, ते एका उभ्या चक्राच्या दात्यांत अडकतात. त्या उभ्या चक्राचा लांब दांडा विहिरीवर जातो आणि तिथे दुसरं मोठं उभं चक्र फिरवतो. या चक्रावरून विहिरीत सोडलेली माळ असते, सुंभाच्या दोन दोरांची, मध्ये काठ्या बांधलेली, आणि त्या काठ्यांना मातीचे लोटे. खाली गेलेला लोटा भरतो, वर आलेला चक्राच्या माथ्यावर कलंडतो आणि रिकामा होऊन पुन्हा खाली जातो. कलंडलेलं पाणी चक्राच्या आतच ठेवलेल्या पहिल्या पन्हळीत पडतं. बाबराने आपल्या आठवणींत लाहोर, दिपालपूर, सरहिंदकडच्या विहिरींवरचं असंच यंत्र बारकाईने वर्णन करून ठेवलंय: दोरांची जोडी, काठ्या, घडे, दातेरी चाकं, फिरणारा बैल. त्याच्याही कितीतरी आधी, पंचतंत्रातला गंगदत्त बेडूक रहाटाच्या गाडग्यांच्या माळेवर बसूनच विहिरीबाहेर आला होता. म्हणजे घड्यांची माळ या देशात फार जुनी. दातेरी चक्रांची जोड तिला मध्ययुगात मिळाली, असं इतिहासकार मानतात.

बैल ठेवणं ज्यांना परवडत नसे ते पायरहाट चालवत. माणूस चक्राजवळ बसून पायांनी आणि हातांनी ते फिरवायचा. त्याहून लहान वाडीला लाट पुरायची: उभ्या खांबावर आडवा वासा, त्याच्या एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला पाणी उपसायचं भांडं. देशावरची मोट इथे रुजली नाही, त्याचं कारणही उघड आहे. मोटेला लांब उताराची धाव लागते, आणि या चिंचोळ्या, एकेक झाड मोजून लावलेल्या वाड्यांत तेवढी मोकळी जमीन द्यायची कुणाची तयारी असणार? विहिरीही उथळ. रहाट जेवढ्यास तेवढ्या जागेत मावतो आणि उथळ पाण्यावर उत्तम चालतो.

पण या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती पन्हळ. पोफळीचं खोड सरळसोट, चाळीस-पन्नास फूट उंच, आणि खालपासून वरपर्यंत जवळपास एकाच जाडीचं. त्याची बाहेरची साल-कड कठीण, आतला गाभा मऊ आणि तंतुमय. फळ देईनाशी झालेली किंवा वाऱ्याने मोडलेली पोफळ आडवी करायची, पाचरी ठोकत उभी चिरायची, दोन फाळके झाले की आतला गाभा वाकसाने खरवडून काढायचा. झाली पन्हळ. एका झाडाच्या दोन. आंब्याफणसाच्या ओंडक्यातून एवढ्या लांबीचा नळ कोरायचा तर सुताराला कितीतरी दिवस बसावं लागेल आणि लाकूड निम्मं वाया जाईल. इथे नळ झाडानेच अर्धा करून ठेवलेला असतो.

पन्हळी बसवायच्या त्या बांबूच्या किंवा लाकडाच्या कैच्यांवर. पहिली सगळ्यांत उंच, मग प्रत्येक पुढची किंचित खाली. वरच्या पन्हळीचं टोक खालच्या पन्हळीच्या तोंडावर टेकवायचं, एवढाच सांधा. खिळा नाही, पट्टी नाही. वाडीचा दुसरा कोपरा शिंपायचा झाला की पन्हळ उचलून तोंड फिरवायचं. फट पडली तर काथ्या कोंबायचा. ढाळ मात्र अचूक लागतो. जास्त दिला तर पाणी उसळून सांडतं आणि शेवटच्या झाडापर्यंत उंची उरत नाही, कमी दिला तर पन्हळ भरून कडेने गळते. हा ढाळ पाणी सोडून आणि डोळ्यांनी पाहूनच धरला जायचा. वाळूत उघडा पाट काढला असता तर निम्मं पाणी झाडापर्यंत पोचायच्या आत जिरलं असतं; म्हणून लांबचा पल्ला पन्हळीने आणि अळ्याजवळचा थोडाच भाग पाटाने, अशी वाटणी होती.

लाकडी नळ फक्त कोकणातच होते असं नाही, आणि इतर ठिकाणची गोष्ट कळली की केळशीची जास्त स्पष्ट दिसते. लंडनला १६१३ मध्ये न्यू रिव्हर नावाचा कालवा पाणी घेऊन आला आणि पुढची दोनशे वर्षं शहरातल्या रस्त्यांखाली ते पाणी एल्म झाडाच्या पोखरलेल्या ओंडक्यांतून वाहिलं. ओंडक्याचं एक टोक पेन्सिलीसारखं निमुळतं करायचं आणि पुढच्या ओंडक्याच्या रुंद केलेल्या भोकात ठोकायचं. न्यूयॉर्कला १७९९ मध्ये स्थापन झालेल्या मॅनहटन कंपनीने पाइन झाडांचे असेच नळ जमिनीत पुरले. रस्ते खोदताना ते सापडल्याच्या बातम्या अजूनही येतात. युरोप-अमेरिकेत ओंडके पोखरायचे खास कारखाने होते. ओढ्याच्या पाण्यावर फिरणारं चाक, त्याला जोडलेला लांब गिरमिट आणि समोर गाड्यावर सरकणारा ओंडका. खेड्यापाड्यांत असे कारखाने चालले आणि लोखंड आल्यावर नाहीसे झाले. आपल्याकडे औरंगाबादला मलिक अंबरच्या नहरीने, पुण्याला पेशव्यांच्या कात्रजच्या पाण्याने दगड, चुना आणि खापरी नळ वापरले. कोकणाला कारखान्याची गरज पडली नाही. पन्हळीचा कच्चा माल वाडीतच उभा होता, आणि तो तयार करणारा माणूसही वाडीतलाच.

लाकूड पाण्यात कुजत नाही का, असं कुणालाही वाटेल. कायम बुडालेलं लाकूड हवेअभावी टिकतं. ते कुजतं ओल्या-सुक्याच्या फेऱ्यात. लंडनचे नळ ओल्या जमिनीत पुरलेले, म्हणून दोन-दोन दशकं टिकत. केळशीची पन्हळ मात्र रोज सकाळी भिजणार आणि दुपारी उन्हाने वाळणार. त्यामुळे ती थोड्याच वर्षांत बदलावी लागे, पण बदलायला लागायचं काय? दरवर्षी वाडीत दोनचार पोफळी म्हाताऱ्या होतच असत. जुनी पन्हळ कुजून त्याच झाडांच्या अळ्यात जायची. खरा जपून ठेवायचा भाग म्हणजे रहाटाची चक्रं. त्यांना कठीण लाकूड लागायचं आणि निष्णात सुतार लागायचा, कारण दाते जरा जरी वाकडे बसले की बैलाला ओढ जड जाते. या किनाऱ्यावर खाड्याखाड्यांतून गलबतं बांधली जात. वाकड्या लाकडातून नेमका आकार काढणारा हात इथे होता. लाकडाची किंमतही इथली माणसं जाणत होती. शिवकालीन धोरण सांगणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी झाडं तोडताना आंबा-फणसाला हात लावू नये, एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तरच धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं असं बजावलंय.

शिंपणं सुरू व्हायचं पाऊस ओसरून जमीन सुकू लागली की, आणि चालायचं मृगापर्यंत. पहाटे अंधारात रहाट जुंपला जायचा. लाकडावर लाकूड घासल्याचा तो आवाज गावभर ऐकू येई, आणि कुणाचा रहाट सुरू झाला हे आवाजावरून ओळखता यायचं, असं मला एकाहून अधिक घरांत सांगितलं गेलं. एका आजींनी वेगळीच आठवण काढली. "रहाट थांबला ना, की आधी बैलाकडे बघायचं, मग माळेकडे. माळ तुटली असली तर तो दिवस गेलाच." लोटे फुटायचे, सुंभ कुजायचा, काठ्या मोडायच्या. कुंभार, सुतार, सुंभ वळणारी माणसं, बैलामागे बसणारं पोर, पाणी फिरवणारा गडी, एवढ्यांचे हात रोज त्या पाण्याला लागलेले असत. त्यात कष्ट अतोनात होते. पायरहाट चालवणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांचं काय होत असेल, हे त्या लाकडाकडे पाहूनही समजतं. आज कुणी रहाट बंद पडला म्हणून हळहळत असेल तर त्याने हेही ध्यानात धरावं.

तरीही रहाटाबरोबर एक गोष्ट गेली, आणि तिचं मोल मला केळशीत उमगलं. ती म्हणजे वेग.

साधा हिशेब करून पाहा. कोकणातला छोट्या चणीचा बैल तासन्‌तास सतत ओढतो तेव्हा त्याची ताकद पाव अश्वशक्ती धरू. लाकडी दात्यांत आणि सांडण्यात निम्मी गेली आणि पाणी पाच मीटर उचलायचं असलं, तर ताशी साडेसहा हजार लिटरच्या आसपास पाणी वर येतं. आता वाडीकडे बघू. वीस गुंठ्यांत शिस्तीने लावलेल्या पोफळी पावणेतीनशेच्या घरात बसतात. एका पोफळीला दर चार दिवसांनी पावणेदोनशे लिटर पाणी द्यायचं म्हटलं तर रोज सुमारे बारा हजार लिटर लागतं. वाटेत वाळूत तेवढंच जिरेल असं धरलं तरी साडेतीन-चार तासांचं काम. म्हणजे पहाटे जुंपलेला रहाट ऊन चढायच्या आत सुटला पाहिजे, आणि जुनी माणसं नेमकं हेच सांगतात. एका बैलाला झेपेल एवढी वाडी आणि एका वाडीला पुरेल एवढा बैल.

विहिरीच्या बाजूनेही हे माप जुळलेलं होतं. समुद्राकाठच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड. डच अभियंता बाडॉन घायबेन याने १८८८ च्या सुमारास आणि जर्मनीच्या हर्झबर्गने १९०१ मध्ये स्वतंत्रपणे याचं गणित मांडलं. समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल, तर सपाटीखाली ते सुमारे चाळीस फूट असतं. हे गणित उलट्या बाजूने वाचलं की धोका दिसतो. उपसून पाण्याची पातळी एक फूट उतरली आणि उतरलेलीच राहिली, तर खालचं खारं पाणी चाळीस फुटांपर्यंत वर चढू शकतं. लोटा लोटा करून हळूहळू वर येणारं पाणी भोवतालच्या वाळूतून विहिरीत येत राहतं आणि पातळी फारशी ढळत नाही. तीन अश्वशक्तीचा पंप मात्र त्याच उथळ विहिरीतून ताशी चाळीस हजार लिटरपर्यंत खेचू शकतो. विहीर अर्ध्या तासात तळाला जाते आणि खाली खारं पाणी वाट बघत असतं.

महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं आणि पुढच्या दोन दशकांत कोकणातल्या खेड्यांत तारा पोचल्या. त्याच्या आधी डिझेलची इंजिनं काही वाड्यांत आलीच होती. नवीन यंत्र आल्यावर रहाट थांबला हे सगळे सांगतात. पन्हळ का गेली, हे कुणी फारसं सांगत नाही. ती गेली दाबामुळे. पन्हळ वरून उघडी. तिला रहाटाचा संथ ओघ पेलायचा. पंपाच्या तोंडातून एकदम फेकलेलं पाणी तिच्यात मावेना, सांधे उडाले, पाणी कडेने सांडू लागलं. मग आधी सिमेंटचे पाट आले, आणि नंतर प्लास्टिकचे नळ. लंडनमध्येही असंच झालं होतं. वाफेच्या इंजिनांनी पाण्याला दाब दिला तेव्हा एल्मचे ओंडके फुटू लागले आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत कंपन्यांनी ओतीव लोखंड पुरलं. पाणी उचलणारं यंत्र बदललं की पाणी वाहणारा नळ टिकत नाही, हे दोन्हीकडे सारखंच घडलं. केळशीत ते दीडशे वर्षं उशिरा घडलं एवढंच.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांच्या किनाऱ्यावरच्या वाड्या झोपवल्या. माड उन्मळले, पोफळी मधोमध मोडल्या, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक दिवस वीज आली नाही. विहिरी भरलेल्या होत्या, पण पाणी वर काढायला हातातला दोर आणि कप्पी एवढंच उरलं. पडलेल्या पोफळींचा खच एवढा की पन्हळी करायच्या म्हटल्या असत्या तर अख्ख्या गावाला पुरल्या असत्या. त्यातली थोडी खोडं गोठ्यांना, मांडवांना गेली, बाकीची कुजली. नवी लावलेली पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, त्यामुळे मी केळशीत फिरलो तेव्हा वाड्यांमधून आकाश दिसत होतं ते त्या वादळामुळे.

मी ज्यांच्या वाडीत शेवटी बराच वेळ बसलो, त्यांनी मोठा पंप काढून अर्ध्या अश्वशक्तीचा बसवलाय आणि झाडांना ठिबक केलंय. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागू लागलं तेव्हा त्यांनी हा बदल केला. पंप ते एकदम चालवत नाहीत. तासभर चालवतात, बंद करतात, पाणी वर आलं की पुन्हा. सकाळचे चार तास यात जातात. रहाटाचा वेग त्यांनी विजेवर परत आणलाय, हे मी म्हटल्यावर ते हसले आणि वडिलांच्या काळातला, आता गोठ्याच्या माळ्यावर टाकलेला चक्राचा तुकडा दाखवायला घेऊन गेले. दाते झिजलेले, पण अजून घट्ट. त्यांच्या मुलाला तो ओसरीवर टांगायचाय.

हे पाहायला जायचं तर माघ-फाल्गुनात जावं, शिंपणं जोरात असताना. चैत्रात महालक्ष्मीचा उत्सव आणि रथ असतो, तेव्हा गाव माहेरवाशिणींनी आणि चाकरमान्यांनी भरलेलं असतं; जुन्या गोष्टी सांगायला माणसं भेटतात, पण विहिरीवर निवांत उभं राहता येत नाही. दापोलीहून केळशीला एसटी आहे, स्वतःची गाडी असेल तर आंजर्ल्याच्या बाजूने यावं. वाड्या खासगी आहेत, गडग्याचं फाटक उघडण्याआधी हाक मारावी. आणि विहीर दिसली की काठावरचे चिऱ्यांचे आधार, जोतं आणि डोण शोधावी. डोणीच्या तोंडासमोरची दिशा धरून थोडं चाललं, तर पन्हळीच्या कैच्या रोवलेल्या जागी चिऱ्यांत पडलेल्या खोबण्या काही ठिकाणी अजून दिसतात.